सात खिळ्यांचा ठसा

मौजे कुंभेवाडी, पोस्ट पौड,
तालुका मुळशी, जिल्हा पुणे
ता. १९ ऑगस्ट १९६३

रा. रा. वाल्मीक गणपत रानवडे यांस,

मी, हैबतराव कोंडाजी शेलार, वय वर्षे ६९, धंदा शेती, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, वतन रद्द होईपर्यंत या गावचा मुलकी पाटील, हल्ली ग्रामपंचायतीच्या रेडिओ समितीचा प्रमुख, खाली लिहितो ते पूर्ण शुद्धीवर व कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, असे समजावे.

माझा मुलगा जयसिंग याच्याबरोबर तुम्ही सैन्यात वायरलेस शिकलात. पायाच्या दुखापतीमुळे तुम्हांस परत यावे लागले व हल्ली बुधवार पेठेत तुमचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. म्हणून या कामी तुम्हांस लिहिणे योग्य वाटले.

जयसिंग गतवर्षीच्या नोव्हेंबरपासून चीनच्या लढाईत नेफा आघाडीवर बेपत्ता आहे, हे तुम्हांस ठाऊक असेलच. या श्रावणात त्याच्या तुकडीतील एक जवान त्याची पिशवी घेऊन आमच्या घरी आला. चहा घेतला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. मी विचारले असता एवढेच म्हणाला की, शेवटच्या तासात त्यांच्या चौकीचे वायरलेस यंत्र एकाएकी मुके झाले. का झाले ते कोणी पाहिले नाही. तो गेल्यानंतर पौडच्या बाजारात कोणी तरी बोलले की, वायरलेसवाला यंत्र टाकून आधीच निघून गेला असणार. हे बोलणे माझ्या कानी आले आहे. तेव्हापासून मी बाजारास गेलेलो नाही.

पिशवीत एक वस्तू होती, ती सैनिकाच्या रोजच्या वापरातील दिसत नाही. तिचे वर्णन असे. पोस्टकार्डाच्या चौथ्या हिश्श्याएवढी तपकिरी पाटी. तिच्या एका अंगास तांब्याच्या बारीक रेघा, शेतांच्या बांधांसारख्या वळत गेलेल्या. एका कडेस काळा चौकोनी जोड, त्यातून सात पितळी खिळे बाहेर आलेले : वर चार, खाली तीन. वरच्या ओळीतील शेवटचा खिळा इतरांपेक्षा जाड. पाटीवर पांढऱ्या रंगात काही आकडे होते. परंतु वस्तू काळवंडलेली असल्याने मी ती देवाच्या उपकरण्यांप्रमाणे चिंच व राख लावून स्वच्छ घासली. आकडे त्यात गेले. मी ते आधी उतरवून घेतले नाहीत, ही माझी चूक.

वस्तू हातची सोडण्याची इच्छा नाही. म्हणून जसा दस्तावर अंगठा घेतात, तसा तिच्या सातही खिळ्यांचा शाईच्या गादीवरून या कागदाच्या तळाशी ठसा घेतला आहे. तो पाहून सदरहू जोड कोणत्या यंत्राचा, व तो जयसिंगपाशी का असावा, हे स्पष्ट कळवावे. बरे-वाईट जे असेल ते लिहावे.

हैबतराव कोंडाजी शेलार


बुधवार पेठ, पुणे
ता. २७ ऑगस्ट १९६३

तीर्थरूप तात्यांस वाल्मीकचा सा. न.,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. जयसिंग मला तुमच्याबद्दल सांगायचा. म्हणायचा, आमचे बाबा स्वप्नातसुद्धा पंचनामा करतात.

तात्या, आमच्यात वायरलेसच्या कळीवर संदेश ठोकण्याची प्रत्येकाची एक चाल असते. खूण तीच, पण हात वेगळा. नुसतं ऐकून आम्ही सांगायचो की पलीकडे कोण बसलंय. जयसिंग लांब ठोका देताना जरा रेंगाळायचा, आणि पुढचे दोन घाईने उरकायचा. अलीकडे दुकानात गिऱ्हाइकाच्या रेडिओचा काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर असते, त्यात मला ती चाल ऐकू येते. मी काटा तिथेच धरून बसतो. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, तिथं काही लागत नाही.

आता तुमच्या कामाचं. ठसा झकास उमटलाय. आम्ही या जोडाला कनेक्टर म्हणतो. त्याला ओळखायचं ते खिळे मोजून, त्यांच्यातलं अंतर मापून आणि वेगळा खिळा कुठल्या बाजूला आहे ते बघून. तो जाड खिळा म्हणजे खूण, चुकून उलटा बसू नये म्हणून केलेली. तुमच्या ठशात वर चार, खाली तीन, जाड खिळा उजव्या टोकाला. तात्या, आम्ही ज्या यंत्रावर शिकलो त्याच्या पोटात अशीच एक पाटी असते. अंतरही जुळतंय.

आणि ती त्याच्यापाशी का होती, तेही सांगतो. शत्रू अंगावर आला आणि यंत्र न्यायला जमत नसेल, तर वायरलेसवाल्याने आधी ते निकामी करायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. एक भाग काढून घ्यायचा. मग यंत्र त्यांच्या हाती लागलं तरी धोंडाच. यंत्र मुकं झालं ते जयसिंग पळाला म्हणून नव्हे, त्याने ते मुकं केलं म्हणून.

वस्तू हातात न घेता लिहितोय, एवढं ध्यानात असू द्या. पण मला दुसरं काही वाटत नाही.

आईंना नमस्कार.

तुमचा,
वाल्मीक


मौजे कुंभेवाडी
ता. ९ सप्टेंबर १९६३

रा. रा. वाल्मीक रानवडे यांस,

पत्र पोहोचले. ते मी प्रथम मनात, नंतर मोठ्याने व नंतर चावडीत सर्वांसमक्ष वाचले. सरपंच कोंडिबा उठून उभा राहिला व म्हणाला, "पाटील, आता बाजारात कुणी वंगाळ बोललं तर मला सांगा, त्याच्या तोंडात ह्यो कागद कोंबतो." रविवारी मी पौडच्या बाजारास गेलो. मीठ घेतले. वास्तविक घरात मीठ होते.

कुटुंबास, म्हणजे गोजराबाईस, पत्र वाचून दाखविले असता तिने आनंद दाखविला नाही. वस्तू एकवार हातात मागितली, पदराने पुसली व परत दिली. मुलाच्या दुःखाने तिचे बोलणे गेल्या वर्षापासून कमी झाले आहे.

कोंडिबा पुढे म्हणाला, "आता ह्यो मुका खोकाबी बोलता करा. जयसिंगाचं नाव एक दिस त्याच्यातनं ऐकू." मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तुम्हांस मात्र हकीकत कळविणे योग्य, कारण पुढेमागे दुरुस्तीस तुम्हांसच बोलवावे लागेल.

पंचायतीस सरकारातून रेडिओ मिळाला तेव्हा तो माझ्या ताब्यात देण्यात आला. कोणीही उघडू नये म्हणून पाठीमागील झाकणावर मी लाखेची मोहर केली होती. गतवर्षी ता. १२ ऑक्टोबर रोजी सायंकाळी रेडिओ लागेना. पाहतो तो मोहर फुटलेली व आत एक खाच रिकामी. आठवड्यात लढाई जुंपली, व आमच्या गावास तिची बातमी शेजारच्या गावावरून पायी आणावी लागली. चावडीची झाडलोट करणारा, पौडाहून रेडिओची बॅटरी पाठीवर आणणारा डोंगरवस्तीवरील कान्हू, हा एकटाच रोज त्या यंत्रापाशी असे. त्याने चोरी नाकारली. तेव्हा ता. ४ नोव्हेंबर, रविवारी, भैरोबाच्या देवळात त्याने बेल-भंडारा उचलून शपथ घेतली की, मी हात लावला असेल तर माझ्या घरात दिवा राहू नये. शपथेचा कागद मीच लिहिला. महिना उलटला नाही तोच तापाने त्याची एकुलती एक मुलगी फुला वारली. गावाने निकाल जाणला. कान्हूचे पाणी-बोलणे बंद झाले व तो बायको कमळ हिला घेऊन घाट उतरून कोळशाच्या भट्ट्यांवर गेला.

नवा भाग मागविण्याचे माझ्या मनाने घेतले नाही. मात्र अजूनही रोज सायंकाळी, कार्यक्रमाच्या वेळेस, आठ-दहा माणसे सवयीने चावडीत येतात, त्या मुक्या खोक्यापुढे बसतात, व पूर्वी कार्यक्रम संपे त्या वेळेस उठून जातात. कोणी कोणाशी बोलत नाही. मीही बसतो.

जयसिंगची वस्तू रजिस्टर पार्सलाने पाठवीत आहे. ती प्रत्यक्ष पाहून तुमच्या सहीचा दाखला द्यावा. तो मी सैन्याकडे पाठविणार आहे, म्हणजे कागदोपत्री त्याच्या नावापुढे जे लिहिले जाईल ते खरे लिहिले जाईल.

हैबतराव शेलार


पुणे
ता. ३० सप्टेंबर १९६३

ती. तात्यांस सा. न.,

पार्सल येऊन दोन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तीन वेळा लिहून फाडलं.

तात्या, माझी चूक झाली. पाटी हातात घेतली, खिळे माझ्याकडे करून धरले, तर जाड खिळा डावीकडे. तुमच्या कागदावर तो उजवीकडे आहे. शाईचा ठसा उलटा उमटतो, आरशात दिसल्यासारखा. अंगठ्याचंही असंच होतं, पण सगळेच अंगठे कागदावर तसेच उमटतात, म्हणून आजवर कुणाचं काही अडलं नाही. तुम्ही उमटवला तो प्रामाणिकपणे. मला मात्र धंद्यातला माणूस म्हणून हे सुचायला हवं होतं. मला जे ऐकायचं होतं तेच मी त्या ठशात वाचलं.

जाड खिळा उजवीकडे असतो तो लष्करी यंत्रात. डावीकडचा मी दुकानात बरेचदा पाहिलाय. ही पाटी गावोगावच्या पंचायतींना दिलेल्या बॅटरीवरच्या रेडिओची आहे. मी मागवून तसलाच एक संच उघडून ताडून पाहिला. रेघ अन् रेघ जुळते.

आणखी एक. पाटी ओरबाडून काढलेली नाही. प्रत्येक तारेचा कथलाचा डाग, म्हणजे सोल्डर, तापवून, पुसून, हलक्या हाताने सोडवलाय. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे. कान्हूपाशी डाग देण्याचं हत्यार कुठलं? एका कोपऱ्यात तांब्याची रेघ तडकलीय. तशी रेघ तडकली की रेडिओ मधूनमधून खरखरतो. ती जोडायला बारीक हत्यार लागतं, ते आमच्या तुकडीत असायचं.

जयसिंगची रजा मोडून त्याला तारेने बोलावलं, तो दिवस कुठला होता तो मी तुम्हाला विचारत नाही. मलाही त्याचं कार्ड आलं होतं, गाव सोडताना टाकलेलं. त्यावर १२ ऑक्टोबर आहे.

दाखला मला देता येणार नाही. पण तुम्ही म्हणाल तर हे पत्र मी लिहिलंच नाही असं धरा. आधीचं पत्र तुमच्यापाशी आहे. ते मी कधी खोडून काढणार नाही.

वाल्मीक


मौजे कुंभेवाडी
ता. ४ ऑक्टोबर १९६३

रा. रा. वाल्मीक रानवडे यांस,

तुमचे ३० तारखेचे लिहिणे मान्य नाही. एकदा उजवे म्हणावयाचे व एकदा डावे, हे जबाबदार माणसाचे बोलणे नव्हे. माझा मुलगा माझी मोहर फोडणार नाही. वस्तू परत पाठवावी. पत्रव्यवहार येथे बंद समजावा.

है. को. शेलार


पुणे
ता. ९ ऑक्टोबर १९६३

ती. तात्यांस सा. न.,

वस्तू परत पाठवतोय. तडकलेली रेघ मी जोडून दिलीय. त्याचं राहिलेलं काम होतं, दुसऱ्या कुणी करू नये असं वाटलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. चावडीतल्या रेडिओचं झाकण काढा. रिकाम्या खाचेत सात भोकं दिसतील. जाड खिळा जाड भोकासमोर धरा आणि नुसतं बोट टेकवा. जोर लावू नका. पाटी त्या यंत्राची नसेल तर काही केल्या बसणार नाही, आणि मी तुमच्या पायावर डोकं ठेवायला येईन.

वाल्मीक


मौजे कुंभेवाडी
ता. ११ नोव्हेंबर १९६३

चि. वाल्मीक यास अनेक आशीर्वाद.

पार्सल आले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. सण होऊ दिला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, चावडीत कोणी नसताना झाकण काढले. तू लिहिल्याप्रमाणे जाड खिळा जाड भोकासमोर धरला. जोर लावावा लागला नाही.

बॅटरी वर्षापूर्वीच उतरलेली, त्यामुळे यंत्रातून काही आवाज येण्याचा प्रश्न नव्हता. तरी मी कान देऊन होतो. मागे चाहूल लागली म्हणून वळलो तो गोजराबाई उंबऱ्यापाशी उभी होती. तोवर ती कधी चावडीची पायरी चढलेली नव्हती.

"बसलं?" ती म्हणाली.

मी विचारले, "तुला ठाऊक होते?"

"त्यानंच सांगितलं मला. आये, आवाज फाटतुया, तुकडीत नेऊन जोडून आणतो. पर बाला बोलू नगंस, मोहर फोडल्याचं कळलं तर घरात घ्यायचं न्हाई. म्हणून न्हाई बोलले."

"आणि कान्हूने भंडारा उचलला तेव्हा?"

"तवा पोरगं लढाईत व्हतं. त्याच्या नावानं चोरीचा कागद कसा करू देऊ? मंग फुली गेली. मंग त्यो बेपत्ता झाल्याची तार आली. मंग बोलायला जागाच न्हाई ऱ्हायली." पुढे म्हणाली, "तुमी मला ईचारलं कुटं? तुमी सगळ्यांच्या जबान्या घेता. ईचारत कुणालाच न्हाई."

तुला हे लिहितो, कारण दुसऱ्या कोणास लिहू? नंतर कळले की ही बाई वर्षभर घाटाने जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हाती कमळकडे नाचणी पाठवीत असे. कमळ ती घेत असे. का पाठविली जाते हे तिने कधी विचारले नाही.

तुझे पहिले पत्र माझ्या पेटीत आहे. ते मी पुन्हा वाचले. त्यात माझा मुलगा जसा आहे तसा मला हवा आहे. तू ते कधी खोडणार नाहीस असे लिहिलेस, ते मी फार दिवस मनात धरून बसलो होतो. गाव काही विचारत नव्हते, कान्हू काही मागत नव्हता. मी गप्प राहिलो असतो तर कोणाचे काही अडले नसते. परंतु सायंकाळी ती माणसे खोक्यापुढे येऊन बसली, आणि त्या सर्वांच्या पाठीमागे, खिडकीखाली, कान्हू बसे ती जागा माझ्या नजरेस पडू लागली. कोणीही तेथे बसत नाही. दाटी झाली तरी बसत नाही. मी त्यांच्याकडे पाहीनासा झालो व त्या जागेकडेच पाहू लागलो.

परवा मी, कुटुंब व कोंडिबा असे ताम्हिणीचा घाट उतरून गेलो. कान्हू भट्टीवर माती थापत होता. त्याने आम्हांस ओळखले, पण हात थांबविला नाही. मी उभ्याने निवेदन वाचले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "पाटील, म्हंजी मी खोटं बोललो न्हवतो."

मी म्हणालो, "नाही."

"ह्ये मला ठावं व्हतं. पर फुली गेल्यावर मलाबी वाटाया लागलं, चुकून हात लागला आसंल. झाडताना. बॅटरी लावताना. वरीसभर मी आठवतुया, कवा लागला." त्याने हात पुसले. "आता मला येवढं सांगा. मी खरं बोललो, तर पोर कुणाच्या शपथंनं गेली?"

कोंडिबा म्हणाला, "आरं ताप व्हता त्यो, कान्हू."

"तवा न्हाई कुणी बोललं, ताप व्हता म्हून," कान्हू म्हणाला.

मी खाली बसून त्याच्या प्रश्नाचे वाक्य निवेदनाच्या शेवटी घातले व निवेदन पुन्हा वाचले. मी त्यास गावी चलण्याविषयी विनविले. तो नको म्हणाला. निवेदनाची नक्कल तुझ्याकडे असावी म्हणून खाली उतरवीत आहे. माझ्या मागे कोणी ती बदलू नये.

निवेदन

मी, हैबतराव कोंडाजी शेलार, राहणार मौजे कुंभेवाडी, सत्य लिहून देतो की, पंचायतीच्या रेडिओतील भाग माझा मुलगा जयसिंग याने ता. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी दुरुस्तीच्या हेतूने काढून नेला. मी केलेली मोहर त्याने फोडली, कारण मला विचारण्याची त्यास भीती वाटली. कान्हू याने ता. ४ नोव्हेंबर १९६२ रोजी भैरोबापुढे घेतलेली शपथ खरी होती. ती खोटी ठरविण्यात मी पुढे होतो. सदरहू वस्तूवरून जयसिंगने शत्रूसमोर यंत्र निकामी केले असे मी चावडीत वाचून दाखविले, ते मी मागे घेतो. शेवटच्या तासात माझ्या मुलाने काय केले, हे मला ठाऊक नाही व कळण्यास मार्ग नाही. कान्हू याने विचारलेल्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नाही, हेही येथे लिहून ठेवतो.

हे वाचून झाल्यावर मी हजर असलेल्यांची नावे घालू लागलो. कमळ तोवर आमच्याकडे पाठ करून बसली होती. ती न वळता म्हणाली, "मागल्या कागदावर देवळात कोण कोण व्हतं ते लिवलं व्हतं न्हवं?"

मी होय म्हणालो.

"फुलीबी व्हती. ह्यांच्या खांद्यावर. तिचं न्हाई लिवलं."

तेव्हा पुढीलप्रमाणे लिहिले.

समक्ष हजर :
कोंडिबा रामजी ढमाले, सरपंच. सही.
गोजराबाई हैबतराव शेलार. अंगठा.
कमळ कान्हू. अंगठा दिला नाही.
कान्हू, राहणार डोंगरवस्ती, हल्ली कोळसा भट्टी. अंगठा दिला नाही, मागितलाही नाही.
फुला कान्हू, वय वर्षे सहा. ता. ४ नोव्हेंबर १९६२ रोजी शपथेच्या वेळी भैरोबाच्या देवळात हजर होती.